ऐनवेळच्या विषयात बसवलेल्या पवनचक्क्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, नव्या पवनचक्क्या येणार, ही बातमी मला तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात कळली. ग्रामपंचायतीने त्यासाठी कंपनीला ना हरकत दाखला देऊनही टाकलाय, हेही तिथेच कळलं. सांगणारा आमच्याच भावकीतला माथाडी, त्याला त्याच्या मेव्हण्याने फोनवर सांगितलेलं. ठराव कधी झाला, किती खांबांचा झाला, कोणत्या गटनंबरांत, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. गावात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावालाही नव्हतं, आणि त्याचं घर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मी याच मार्केटात एका गाळ्यावर मेहता, म्हणजे हिशेबनीस, होतो. आता निवृत्त आहे, कोपरखैरण्यात राहतो. गाव सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्याला लागून. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वादातल्या दोन्ही बाजूंची माणसं माझी आहेत आणि चैत्रातल्या यात्रेला मला त्यांच्याच पंगतीत बसायचंय. कंपनीचंही नाव लिहीत नाही. तिने अर्ज केला, तो तिचा धंदा आहे. माझं म्हणणं अर्ज घेणाऱ्यांविषयी आहे.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला विकासविरोधी ठरवणार नाही. मला पवनचक्क्यांचं वावडं नाही. वनकुसवडे, सडावाघापूर, चाळकेवाडी ही आमच्या भागातली पठारं नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पंख्यांनी भरत गेली, ती आम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिली. सुरुवातीला पोरं मोजायची, पुढे मोजणं सोडून दिलं. काही घरांना त्यातून वॉचमनची नोकरी मिळाली, काहींना जमिनीचे पैसे मिळाले, काहींना फक्त रस्त्याची धूळ. पण त्या वेळच्या पुष्कळशा चक्क्या साडेतीनशे किलोवॉटच्या, आजच्या मानाने लहान. आता बसवतात त्या तीन मेगावॉटच्या आसपासच्या. एकेक पातं सत्तर मीटरच्या घरातलं, टोकापर्यंतची उंची दोनशे मीटरच्या वर. असं पातं घाटातून वर न्यायचं म्हणजे वळणं कापावी लागतात, पाणंदीचा रस्ता दुप्पट रुंद करावा लागतो, पायासाठी कातळ फोडावा लागतो. आमच्या गावाचं पिण्याचं पाणी सड्याखालच्या झऱ्यांचं आहे. सड्यावर मुरतं तेच खाली येतं. सुरुंग लागले तर झऱ्याचं काय होईल, हे विचारणं म्हणजे विरोध नव्हे. प्रश्न विचारायला जागा कुठे होती, एवढंच मला हवंय.

शहरातल्या वाचकाला बहुधा माहीत नसेल म्हणून सांगतो. मोठी खाण, मोठं धरण किंवा कोळशावरचं मोठं वीजकेंद्र काढायचं तर पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी होते. पवनऊर्जा मात्र २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये तिला पांढऱ्या वर्गात, म्हणजे जवळपास प्रदूषण नसलेल्या उद्योगांत घातलं. धूर नाही, राख नाही, सांडपाणी नाही, तेव्हा कारण पटण्यासारखं आहे. पण त्यामुळे होतं असं, की कलेक्टरने मांडव घालून लोकांना बोलवावं आणि लोकांनी माईकवर बोलावं, हा प्रकारच पवनचक्कीच्या वाट्याला येत नाही. खासगी मालकीच्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरी, जमिनीवर प्रकल्प असेल तर सगळ्या गावाने एकत्र बसून विचारपूस करायची जागा एकच उरते, ती ग्रामसभा. तीही पोकळ झाली तर बाकी सगळे व्यवहार एकट्यादुकट्याला गाठून होतात. एजंट संध्याकाळी घरी येतो, एका भावाला एक भाव सांगतो, दुसऱ्याला दुसरा, आणि जाताना दोघांनाही म्हणतो, कुणाला बोलू नका.

इकडे नवी मुंबईत विकास आराखड्यातल्या एखाद्या बागेचं आरक्षण बदलायचं असलं तरी नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून महिनाभर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. म्हणून शहराचा कारभार फार उघडा आहे असं नाही. २०२० मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून जास्त काळ या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाच्या सहीने सगळं चाललं होतं, तेव्हा शहराने गावाला शहाणपण शिकवायचं कारण नाही. तरी नोटीस निघते, ती वाचता येते, हरकतीची पोच मिळते.

आता गावात काय घडलं ते. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या, सात दिवस आधी सूचना द्यायची, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. कागदावर याच्यात नाव ठेवायला जागा नाही. आमच्याकडे ठरल्या दिवशी सभा भरली, माणसं कमी पडली म्हणून तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्या महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना तोंडपाठ आहे. ती सभा पुढे एका दुपारी झाली. विषयपत्रिकेवर मागील इतिवृत्त, जमाखर्च, घरकुलाची यादी, पाणीपट्टीची थकबाकी. आणि सगळ्यात शेवटी ती ओळ, जी प्रत्येक विषयपत्रिकेवर असते: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. पवनचक्क्यांचा ना हरकत ठराव या ओळीखाली झाला.

ऐनवेळचा विषय म्हणजे काय, तर गटार तुंबलं, शाळेचं छप्पर उडालं, यात्रेसाठी टँकर सांगायचा राहिला. पंचवीस-तीस वर्षं सड्यावर उभे राहणार ते खांब ऐनवेळचे कसे झाले? कंपनीची माणसं पावसाळ्याआधीपासून जीप घेऊन वर फिरत होती. वारा मोजायचा मनोरा तर त्याच्याही आधी उभा राहिला होता. सगळ्या गावाला दिसणारी गोष्ट सूचनेत लिहायला कुणाला सुचलं नाही, यावर मेहतागिरी केलेल्या माणसाने विश्वास ठेवावा म्हणता?

हजेरीच्या वहीत सह्या आहेत, हे खरं. त्यांत माझ्या चुलत वहिनींचीही आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, घरकुलाच्या यादीचं हाय म्हणून बोलवलं. आमी सही केली, चहा पिलो, घरी आलो. चक्कीचं कुणी बोललंच न्हाई." सही ठरावाच्या बाजूने धरली गेलीय का, हे त्यांनी मलाच उलट विचारलं.

मी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ठरावाची नक्कल, हजेरीची पानं, कंपनीचा अर्ज आणि त्याच्यासोबतचा नकाशा, एवढंच मागितलं. उत्तर आलं की ही माहिती त्रयस्थ पक्षाची असून कलम ८(१)(घ) खाली व्यापारी गोपनीयतेत मोडते. कंपनीच्या यंत्राची किंमत किंवा तिच्या कर्जाचे कागद मी मागितले असते तर ते उत्तर एकवेळ समजलं असतं. पण गावाने गावाच्या सभेत, गावाच्या वहीत लिहिलेला ठराव गावापासून गुप्त कसा? २००५ च्या या कायद्यात कलम ४ आहे, ज्याची आठवण सरकारी कार्यालयांना फारशी नसते. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित माहिती प्रसिद्ध करा, ज्याच्यावर परिणाम होतो त्याला कारणं सांगा आणि लोकांना अर्जच करावा लागू नये इतकं आपणहून बाहेर ठेवा, असं ते कलम सांगतं. म्हणजे माझा अर्ज हाच मुळात यंत्रणेच्या आळसाचा पुरावा.

पहिलं अपील केलं. सुनावणीला मी इथून गेलो. अपिलीय अधिकारी सज्जन होते, नक्कल द्या म्हणाले. मिळाली. ठराव अर्ध्या पानाचा आहे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. आणि मधे एक वाक्य: "सोबतच्या यादीप्रमाणे गट नंबरांमध्ये पवनऊर्जा प्रकल्प उभारणीस ग्रामसभेची हरकत नाही." सोबतची यादी सोबत नव्हती. मागितली तर दप्तरात आढळत नाही असं लेखी मिळालं. सर्वानुमते ज्या यादीला मंजुरी दिली ती यादी सभेत कुणी पाहिली, हे सांगायला आजपर्यंत एकही माणूस पुढे आलेला नाही. आता गावात कुणी म्हणतं नऊ खांब, कुणी म्हणतं बारा. एकाला वाटतं देवराईच्या वरच्या अंगाला आहेत, दुसरा म्हणतो वाडीच्या डोक्यावर. केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजाच्या त्रासासाठी राहत्या घरापासून ५०० मीटर अंतर सांगितलंय. वाडीतल्या शेवटच्या घरापासून खांब ५०० मीटरवर आहे की २०० मीटरवर, हे त्या यादीशिवाय आणि नकाशाशिवाय कुणी कसं सांगायचं?

आणि गंमत पाहा. कोपरखैरण्यात खाटेवर बसून मी मोबाइलवर माझा सातबारा पाहू शकतो. "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर गावातल्या फेरफाराची नोटीस दिसते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. ई-ग्रामस्वराजवर गेलं तर पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. मोरीवर किती लागले, दिव्यांवर किती लागले, सगळं. ज्या ठरावाने अख्ख्या सड्याचा चेहरा बदलणार आहे, तेवढा एक ठराव मात्र मला स्टॅम्प लावून, अपील करून, तोही अर्धा मिळतो. कागद लोकांपर्यंत पोचवण्याची सोय नाही हे कारण आता चालणार नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरपंचांच्या वाढदिवसाचा फलक पहाटे पाचला येतो.

सरपंचांशी मी फोनवर बोललो. ते वयाने माझ्या मुलाएवढे, बोलणं आदबीचं. म्हणाले, "काका, तुमचं मतदान तिकडं. ग्रामसभा मतदारांची असते. मुंबईकरांनी लांबून सूर लावला की गावात भांडणं लागतात." (आम्ही खाडीच्या अलीकडे राहिलो तरी गावाला मुंबईकरच.) त्यांचं पहिलं वाक्य बिनतोड आहे. माझं नाव कोपरखैरण्याच्या यादीत आहे, ग्रामसभेत हात वर करायचा मला अधिकार नाही आणि तो मी मागतही नाही. पण सातबाऱ्यावर सामाईकात माझं नाव आहे, आणि माहितीचा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलाय, त्या गावच्या मतदाराला नव्हे. दुसरा मुद्दा त्यांनी जो काढला तो जास्त खरा वाटला. नकाशा आधी बाहेर आला तर दलाल त्या जमिनी धरून बसतात, बाहेरचे पुढारी कंपनीकडे हात पसरायला येतात, आणि प्रकल्प दुसऱ्या तालुक्यात जातो. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी त्याचा संबंध असल्याचं तपास यंत्रणेचं आरोपपत्र सांगतं. खटला न्यायालयात आहे, त्याविषयी मी अधिक लिहू नये. पण खंडणी मागणाऱ्याला नकाशा झाकल्याने अटकाव होतो, हे मला पटत नाही. त्याला सगळं आधीच माहीत असतं. झाकलेला नकाशा दिसत नाही तो फक्त माझ्या वहिनींना. आणि गावाला करार ठाऊक असेल, पंचायतीच्या खात्यात काय येणार ते फलकावर लिहिलेलं असेल, तर सरपंचालाही मधल्या माणसाला सांगता येतं की बाबा, माझ्या हातात काही नाही, सगळं भिंतीवर आहे.

आमच्या मार्केटात शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टी मिळते. त्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, सगळं ओळीने. पट्टीत खोट काढणारे शेतकरी मी रोज पाहिले, तावातावाने भांडणारेही. ते भांडण दहा मिनिटांत मिटायचं, कारण दोघांच्या पुढ्यात कागद एकच असायचा. माथाडींची मजुरीसुद्धा मुकादमाच्या मर्जीवर न राहता मंडळात जमा होऊन मिळू लागली ती १९६९ च्या कायद्यामुळे, आणि तो कायदा मिळवणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच सातारा जिल्ह्यातले. त्या कायद्याच्या जिवावर कोपरखैरणे-घणसोलीत आमच्या भागातल्या हजारो माणसांनी घरं केली. त्याच माणसांच्या गावात ठरावाची यादी दप्तरातून नाहीशी होते.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामविकास मंडळाची बैठक इथे एका हॉलमध्ये झाली. निम्मे म्हणाले विकून मोकळे व्हा, सड्यावर नाचणीसुद्धा धड पिकत नाही, गुरं राहिली नाहीत, पोरं तिकडे जाणार नाहीत. निम्मे म्हणाले एक खांब उभा राहू देणार नाही. सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर गेले. मी विचारलं, तुमचा गट यादीत आहे का? सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या दोघांनाही ते माहीत नव्हतं.

हॉल मिळवून देणारा माझा शेजारी कोपरखैरणे गावातला, आगरी. त्याच्या वडिलांची जमीन नवी मुंबई वसवताना सिडकोत गेली. तो मागे खुर्चीवर बसून सगळं ऐकत होता. नंतर मला म्हणाला, आमची जमीन १९७० नंतर गेली, बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडासाठी आम्ही अजून फायली शोधतोय, तुमचं अजून गेलं नाही तोवर कागद हातात घ्या. त्याला कोयनेचं सांगायची गरज पडली नाही. कोयना धरणात बुडालेल्या गावांतली माणसं ठाणे-रायगड भागात आणून वसवली, ती त्यालाही माहीत होती. कोयनेची वीज १,९६० मेगावॉट आणि ती राज्यभर उजेड देते, याचा अभिमान आम्हालाही आहे. पण त्या धरणग्रस्तांच्या याद्या साठ वर्षांनंतरही जुळवत बसावं लागतं, हेही त्याच धरणाचं आहे.

म्हणून माझं मागणं अगदी कारकुनी आहे. पवनऊर्जेचा विषय ऐनवेळच्या विषयांत घेता येणार नाही, असं परिपत्रक जिल्हा परिषदेने काढावं. ना हरकतीचा अर्ज आला की गटनंबरांची यादी, खांबांच्या जागा दाखवणारा नकाशा आणि घरांपासूनची अंतरं ग्रामसभेच्या सूचनेसोबतच फलकावर आणि गावाच्या ग्रुपवर यावीत. महिला सभेत तो विषय वेगळा वाचून दाखवावा, घरकुलाच्या सहीत मिसळू नये. करातून आणि करारातून पंचायतीला काय मिळणार, तो आकडा ठरावातच लिहावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, आणि कंपनीला यात अडचण असायचं कारण मला दिसत नाही. तिला पुढची पंचवीस वर्षं याच लोकांच्या शेजारी राहायचंय. झऱ्यांचं काय, हे भूजलाच्या माणसाने सड्यावर येऊन सांगावं. ते मला कळत नाही आणि सरपंचांनाही कळत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय क्रमांक घालून पुन्हा ठेवावा आणि "सोबतची यादी" सात दिवस आधी लावावी, असं मागणीपत्र मंडळाने रजिस्टर पोस्टाने ग्रामपंचायतीला पाठवलं आहे. पत्रावर विकायचं म्हणणाऱ्यांच्याही सह्या आहेत आणि खांब उभा राहू देणार नाही म्हणणाऱ्यांच्याही. हे लिहीपर्यंत त्याचं उत्तर आलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त मेहता
कोपरखैरणे, नवी मुंबई
(कृपया नाव छापू नये.)